मान डोलावते, पण मन मानत नाही

प्रश्न: ताई, मी कित्येक वर्षं बायबल अभ्यासाच्या गटात जाते. अलीकडे सार्वकालिक नरकाची, म्हणजे पापी माणसं कायमची नरकात राहतात ही शिकवण मला पटेनाशी झाली आहे. गटात मात्र मान डोलावते, अभ्यासपुस्तिकेतल्या मोकळ्या ओळींवर अपेक्षित तेच उत्तर लिहिते. आता पुढच्या महिन्याचा अभ्यास मीच घ्यावा असं सगळे म्हणताहेत. मी ढोंगी आहे का? गट सोडू?

उत्तर: ढोंगी नाही. पण त्या मोकळ्या ओळींचं काहीतरी करायला हवं.

गप्प बसणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. मनात चाललेलं सगळं दर आठवड्याला चारचौघांत सांगायला तुम्ही बांधील नाही. गाणी, वाचन, कुणाच्या आजारपणासाठी प्रार्थना यांत तुम्ही मनापासून असाल तर तिथं खुशाल बसा. न पटलेलं स्वतःच्या हातानं लिहिणं मात्र थांबवा. ओळ कोरी ठेवा, नाहीतर प्रश्नचिन्ह काढा. पुस्तिका तपासायला कुणी मास्तर येत नाही.

आणि ज्या ग्रंथाचा अभ्यास चाललाय तो तरी उघडून बघा. येशू मेलेल्यांतून उठला यावर शंका घेणारा शिष्य थोमा सगळ्यांना आठवतो, पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 28व्या अध्यायात शिष्य उठलेल्या येशूला नमन करतात आणि त्याच वचनात कित्येकांना संशय वाटला असंही म्हटलंय. त्यांना कुणी बाजूला काढलं नाही. लगेच पुढं सगळ्यांनाच कामाला पाठवलं. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. नरकाचं म्हणाल, तर चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, ज्याला ख्रिस्ती मंडळी (चर्च) संत मानते, अखेर सगळेच देवाकडे परततील अशी आशा बाळगून होता. तुमचा प्रश्न जुना आहे, घराण्यातलाच आहे.

तो कुणापुढं मांडायचा, हे जरा जपून. मागं एखाद्यानं अडचणीचा प्रश्न विचारला तेव्हा काय झालं ते आठवा. चर्चा झाली, की पुढच्या बैठकीत त्याच्या ‘डळमळीत विश्वासासाठी’ जाहीर प्रार्थना? (असली प्रार्थना म्हणजे झगा घातलेली चहाडी, असं माझं स्पष्ट मत.) तसं घडलं असेल तर गटात मन मोकळं करू नका, बाहेरचा एखादा समंजस पाळक (चर्चचा धर्मगुरू) गाठा. गट सोडण्याचा निर्णयही तोवर लांबणीवर टाका.

तसं नसेल, तर गट चालवणाऱ्यांना एकट्यात गाठून सांगा, “या विषयावर माझं अजून ठरत नाहीये, मला दुसरा उतारा द्या.” त्यांनी दिला, तर पुढच्या महिन्याचा अभ्यास जरूर घ्या.