हिरड्यांतून रक्त येण्याचा मधुमेहाशी आणि हृदयाशी खरंच संबंध असतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आईंना मधुमेह आहे, हिरड्यांतून रक्त येतं म्हणून त्या बाजूला त्या ब्रशच लावत नाहीत, आणि औषध वाढवूनही साखर उतरत नाही म्हटल्यावर फिजिशियननी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन यायला सांगितलं. साखरेचा आणि दातांचा काय संबंध, हा एक प्रश्न. दात खराब असले की हार्ट अटॅक येतो म्हणतात ते कितपत खरं, हा दुसरा. मी दंतवैद्य आहे, हिरड्यांचे पेशंट रोज बघते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

साखरेबद्दल तुमच्या फिजिशियननी अगदी योग्य सांगितलंय.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. तपासताना आम्ही मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची सळई त्यात अलगद सरकवतो. निरोगी हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटरवर थांबते आणि रक्त येत नाही. आजारी हिरडीत तीच सळई पाच, सहा, कधी आठ मिलिमीटर आत जाते, आणि बाहेर काढेपर्यंत त्या जागी रक्ताचा थेंब जमलेला असतो. पेशंटला बऱ्याचदा दुखतही नाही. या खोल गेलेल्या खाचेला आम्ही पॉकेट म्हणतो. तिचं आतलं अस्तर सोललेलं असतं आणि त्याला खेटून दाताच्या मुळावर जंतूंचा थर आणि कडक झालेलं कीटण बसलेलं असतं. तोंडभर अशी पॉकेट्स असतील तर सोललेला भाग 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढी उघडी जखम हातावर असती तर माणसाने त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. तोंडातली दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते.

या जखमेतून चावताना, दात घासताना थोडे जंतू रक्तात जातात. शरीर त्यांचा बहुतेक वेळा थोड्याच वेळात निकाल लावतं. खरा त्रास आहे तो सतत चालू राहिलेल्या दाहाचा. जंतूंशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं ती हिरडीपुरती राहत नाहीत, रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं काम अवघड करतात. उलट बाजूने, साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, जखम भरायला वेळ लागतो आणि दाताभोवतीचं हाड लवकर झिजतं. म्हणजे साखर हिरडी बिघडवते आणि हिरडी साखर. हाराल्ड लो या संशोधकाने 1993 मध्ये हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं, डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या पंक्तीत बसवून.

उपचाराने फरक किती पडतो? कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र केले, तेव्हा हिरड्यांवर उपचार झालेल्या मधुमेहींचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा, तीन-चार महिन्यांनी सरासरी 0.43 ने कमी आढळलं. म्हणजे 8.4 असेल तर साधारण 8 वर. हा आकडा मला लहान वाटत नाही. आईंचं औषध मात्र यामुळे बंद होणार नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता त्या न घासलेल्या बाजूबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. रक्त येतं म्हणून ब्रश टाळला की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते, आणि सूज वाढली की आणखी रक्त येतं. याच लो यांनी सहकाऱ्यांबरोबर 1965 मध्ये डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर त्या काही दिवसांतच पूर्ववत झाल्या. तेव्हा रक्त येतं त्या जागी मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून, हलक्या हाताने, पण रोज फिरायलाच हवा. दातांच्या फटींत छोटा इंटरडेंटल ब्रश. मात्र खोल पॉकेटमध्ये ब्रश पोचत नाही आणि कीटण घासून निघत नाही, त्याला स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून काढणं, आणि मुळांची सफाई लागते. स्केलिंगने दात सैल होतात ही भीती आईंच्या मनात असेल तर काढून टाका. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने दात धरून ठेवल्यासारखा वाटत असतो, आणि ते निघालं की खरी स्थिती कळते. आणखी एक, सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, कारण तिथला रक्तपुरवठाच कमी झालेला असतो. अशा माणसाने रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

हृदयाबद्दल मी हात राखून बोलेन. फिनलंडमध्ये 1989 साली हार्ट अटॅक आलेल्यांचं तोंडाचं आरोग्य इतरांपेक्षा वाईट असल्याचं दिसलं, आणि पुढेही बऱ्याच अभ्यासांत असा संबंध सापडत गेला. पण धूम्रपान, मधुमेह, वाढतं वय ही दोन्हींची सामायिक कारणं आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की संबंध आहे, पण हिरड्यांच्या आजारामुळेच हृदयविकार होतो, किंवा हिरड्यांवर उपचार केल्याने तो टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून मी पेशंटला "स्केलिंग करा, अटॅक टळेल" असं म्हणत नाही. मात्र कृत्रिम झडप बसवलेल्या, पूर्वी झडपेला संसर्ग झालेल्या किंवा काही प्रकारचे जन्मजात हृदयदोष असलेल्या लोकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतीत तोंडातले जंतू झडपेवर जाऊन बसण्याचा धोका खरा असतो आणि दात काढण्यासारख्या उपचाराआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. आईंना असं काही असेल तर आधी सांगा.

एवढं जपून बोलण्यामागे एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुठल्याही आजाराचं मूळ दातात शोधायची लाट आली होती. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरने मानसिक आजार बरे करण्याच्या नावाखाली रुग्णांचे दात सरसकट उपटले. त्या कल्पनेचं शेपूट अजून वळवळतंय: रूट कॅनाल केलेला दात काढा, सांधेदुखी जाईल, थकवा जाईल. अशा सल्ल्यावर चांगला दात गमावू नका.

अल्झायमरबद्दलही वाचायला मिळेल. 2019 मध्ये हिरड्यांच्या एका जंतूचे अंश रुग्णांच्या मेंदूत सापडल्याची बातमी गाजली, पण त्यावर बेतलेलं औषध 2021 मध्ये चाचणीत अपेशी ठरलं. तिथे ठाम काही म्हणण्याची वेळ आलेली नाही.

ज्याबद्दल फार कमी बोललं जातं तो आहे न्यूमोनिया. अंथरुणाला खिळलेल्या, नीट गिळता न येणाऱ्या वृद्धांच्या लाळेतले जंतू श्वासावाटे फुप्फुसात उतरतात. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं केलेल्या अभ्यासात, ज्यांचं तोंड काळजीवाहकांनी रोज स्वच्छ केलं त्यांच्यात न्यूमोनियाचं प्रमाण 11 टक्के, आणि इतरांत 19 टक्के होतं. घरात कुणी असं असेल तर त्यांचं तोंड आणि कवळी रोज साफ करणं हे औषधाइतकंच निकडीचं काम समजा. रात्री कवळी काढून ठेवा.

दंतवैद्याकडे जाताना आईंच्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी आणि शेवटचा एचबीएवनसी रिपोर्ट न्या. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळीने काहींच्या हिरड्या फुगतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून अॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अॅसिड चालू असेल तर दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो, तो क्वचितच उद्भवतो, पण आम्हाला आधी माहीत असलेला बरा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. तोंड कोरडं पडत असेल तर तेही सांगा, लाळ कमी झाली की कीड झपाट्याने लागते. जबड्याखाली सूज, ताप आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, असं कधी झालं तर आमची अपॉइंटमेंट घेत बसू नका, थेट इस्पितळात जा.

आणि हिरड्यांचे उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करून तो रिपोर्ट फिजिशियनना दाखवा. साखर उतरली असेल तर गोळ्यांचं काय करायचं ते तेच ठरवतील.