कुत्र्याला घेऊन परदेशी शिफ्ट होताय? आधी त्याचं जग लहान करा

तुमचा प्रश्न नीट वाचला. पाच वर्षांचा कुत्रा, दोन-अडीच महिन्यांत सगळा संसार गुंडाळून परदेशी जायचंय, पहिला महिना कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये आणि मग स्वतः शोधलेलं भाड्याचं घर, आणि मागे एकदा नुसती बिल्डिंग बदलली तेव्हा तो कित्येक दिवस धड जेवला नव्हता म्हणून आता तुम्हाला धास्ती बसलीये. प्रवासात झोपेचं औषध द्यावं का आणि तिथे सोबतीला दुसरा कुत्रा आणावा का हेही विचारलंय. आमच्या बंड्याला घेऊन आम्ही याच सगळ्यातून गेलोय त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

पहिलं त्या तात्पुरत्या फ्लॅटचं. जमण्यासारखं असेल तर कुत्र्याला तिथे नेऊच नका. तुमच्यापैकी एकाने पुढे जाऊन घर बघावं आणि दुसऱ्याने कुत्र्यासोबत आत्ताच्या घरातच थांबावं. नाहीतर होतं काय, बिचारा जेमतेम त्या फ्लॅटच्या वासाला, आवाजांना सरावतो आणि तेवढ्यात पुन्हा बॅगा भरल्या जातात, मग दुसऱ्या घरात तो शून्यापासून नाही तर त्याच्याही मागून सुरुवात करतो. शिवाय कुत्रा हाताशी असताना घाईघाईत मिळेल ते घर घेतलं जातं, कारण कुत्रा चालेल म्हणणारे घरमालक सगळीकडेच कमी. फक्त नियम बघून ठेवा. युरोपियन युनियनमध्ये मालकाच्या प्रवासाच्या ५ दिवस आधी किंवा नंतर एवढ्याच काळात कुत्रा गेला तर तो घरगुती प्राणी म्हणून जातो, नाहीतर व्यापारी मालाचे नियम लागतात, त्यामुळे मागे राहिलेल्यानेच त्याला घेऊन येणं सोपं पडतं. आणि ज्या देशांत रेबीजची रक्ततपासणी लागते तिथे लसीमुळे रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडीजचं प्रमाण किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली यावं लागतं आणि रक्त दिल्यानंतर काही महिने थांबावं लागू शकतं, म्हणजे दोन-अडीच महिने कदाचित पुरणारही नाहीत, हे आजच तपासा. कातडीखाली बसवायची १५ आकडी ओळखीची मायक्रोचिप मात्र रेबीजच्या लसीच्या आधी बसवलेली असायला हवी, बरेच देश चिपच्या आधीची लस धरतच नाहीत.

क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, आत्ताच आणा, निघायच्या आठवड्यात नको. त्यात उभं राहिल्यावर कान छताला लागता कामा नयेत, आत वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. दार काढून टाका, क्रेट हॉलमध्ये ठेवा, त्याचं जेवण त्यात द्यायला लागा आणि बाकी काही बोलू नका. तो स्वतःहून दुपारची झोप त्यात काढायला लागला की मग दार लावायचं, आधी क्षणभर, मग थोडा वेळ, मग तुम्ही खोलीबाहेर. याला आठवडे लागतात आणि ते द्यावेच लागतात, पण याचा फायदा प्रवासापुरता नाहीये, नव्या घरात पोचल्यावर हा क्रेट म्हणजे त्याच्यासाठी ओळखीची एकमेव खोली असते.

झोपेचं औषध, नको. गुंगीत रक्तदाब खाली जातो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, तोल जातो आणि कार्गोत त्याच्याकडे बघायला कोणी नसतं. बऱ्याच एअरलाईन गुंगीतला कुत्रा घेतही नाहीत. पग, बुलडॉग असा चपट्या नाकाचा असेल तर धोका आणखी जास्त. फारच घाबरट असेल तर गुंगी न आणता भीती कमी करणाऱ्या औषधांबद्दल व्हेटशी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरशी, बोला आणि ते जे काही देतील त्याचा एक डोस घरी असताना देऊन बघा, पहिला प्रयोग विमानतळावर नको.

पॅकिंग सुरू झालं की कुत्र्याला कळतं. सुटकेस निघाली, कपाटं रिकामी झाली, माणसं उशिरापर्यंत जागी, फिरायला नेण्याची वेळ चुकली. म्हणून त्याचा कोपरा सगळ्यात शेवटी आवरायचा. आणि त्याची गादी, चादर काही म्हणजे काही धुवायचं नाही. नव्या देशात स्वच्छ सामान घेऊन जावं असं आपल्याला वाटतं पण त्याला त्या कळकट चादरीचा वास हवा असतो. तुम्ही घातलेला एखादा टीशर्टही क्रेटमध्ये टाका.

आता पोचल्यानंतरचं, आणि माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. नव्या जागी गेलं की आपल्याला उत्साह असतो, त्याला गार्डन दाखवू, बीचवर नेऊ, शेजाऱ्यांच्या कुत्र्याशी ओळख करून देऊ, घरी सगळ्यांना व्हिडिओ कॉल करू. यातलं सुरुवातीला काहीही करू नका. त्याचं जग जितकं लहान करता येईल तितकं लहान करा आणि मोठं कधी करायचं ते त्याला ठरवू द्या. पहिले काही दिवस एकच खोली, जिथे तुम्ही रात्री झोपता ती. तिथेच क्रेट, तिथेच पाणी, तिथेच जुनी चादर. बाकीच्या खोल्यांची दारं लावून घ्या. मग एकेक दार उघडायचं आणि त्याला हवं तेव्हा त्याने जावं, बोलवायचंही नाही. बाहेरसुद्धा तसंच, एकच छोटा रस्ता, रोज तोच, त्याच बाजूने. आपल्याला कंटाळा येतो खरा, पण आज हुंगलेला खांब उद्या पुन्हा तिथेच सापडला की त्याला तो रस्ता आपला वाटायला लागतो. बंड्या सुरुवातीला गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की मान खाली, शेपूट पायात, सरळ घराकडे ओढायचा. आम्ही गेटच्या आत नुसते उभे राहायचो, तो नाक वर करून हवा हुंगायचा, दमला की आत. फिरणं एवढंच. मग एके सकाळी तो गेटशेजारच्या झुडपापाशी थांबला, पान पान हुंगून काढलं, पाय वर केला आणि अंग झटकून पुढे निघाला. ते अंग झटकणं लक्षात ठेवा, कुत्रे ताण ओसरला की अंग कोरडं असूनही असं झटकतात.

ताण चढलाय हे ओळखायच्या खुणाही लक्षात असू द्या कारण भुंकणं, रडणं हे फार नंतर येतं. खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, गरम होत नसताना धापा टाकणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, घरभर येरझाऱ्या, एकदम केस गळणं. आणि सगळ्यात मोठी खूण झोप. पूर्ण वाढ झालेला कुत्रा दिवसाचे १२ ते १४ तास सहज झोपतो, नव्या घरात तो झोपतच नाही, नुसता डोळे मिटून पडतो आणि खुट्ट झालं की उठून बसतो. माझ्या मते तो जेवतो किती यापेक्षा तो कुशीवर पडून, पाय सैल सोडून झोपतो का हे बघा.

आवाजांचं वेगळं सांगते कारण हे कोणी सांगत नाही. स्मोक अलार्मची बॅटरी संपत आली की तो थोड्या थोड्या वेळाने एक बारीक, टोकदार चीप असा आवाज करतो. आपलं लक्षही जात नाही. बंड्या संध्याकाळी अचानक टेबलाखाली जाऊन थरथरायला लागला, लाळ गळतेय, बोलावलं तरी येईना, आम्हाला वाटलं आजारी पडला. शेवटी लाईट पंखे सगळं बंद करून शांत बसलो तेव्हा पॅसेजमधून तो चीप ऐकू आला. व्हॅक्यूमच्या घरघरीपेक्षा असे मध्येच येणारे उंच पट्टीतले आवाज कुत्र्यांना जास्त त्रास देतात. त्यामुळे घरात शिरल्या शिरल्या अलार्मच्या बॅटऱ्या बदला, डोअरबेलचा आवाज कमी करा, आणि कुत्रा काही कारण नसताना घाबरतोय असं वाटलं की आधी पाच मिनिटं गप्प बसून ऐका.

घाबरला की जवळ घेऊ नका, लाड केले तर भीती वाढते, असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. ऐकू नका. भीती ही काही त्याने मुद्दाम केलेली गोष्ट नाही की बक्षीस दिलं म्हणून वाढेल. तो जवळ आला तर हळू हात फिरवा, लांब बसला तर लांब बसू द्या, लपलेला असताना ओढून मात्र काढू नका. घरात शी-शू झाली तरी अजिबात ओरडायचं नाही, एन्झाईमवालं क्लीनर आणून पुसा, अमोनिया असलेलं नको कारण त्याला तो शूचाच वास वाटतो आणि तो पुन्हा तिथेच जातो.

जेवणाचं. जुनंच खाणं शक्य तितकं सोबत न्या, न्यायची परवानगी नसेल तर निघायच्या बऱ्याच आधी तिकडे मिळणाऱ्या ब्रँडवर आणा, ७ ते १० दिवसांत थोडं थोडं मिसळत. नाहीतर ताण आणि नवं खाणं एकदमच आलं की पोट बिघडतंच आणि मग नक्की कशाने बिघडलं तेही कळत नाही. रोजच्या वाट्यातले थोडे दाणे गवतात किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत पसरून द्या, नाकाने शोधून खाताना त्याचं डोकं शांत होतं, लांबच्या फेरीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. वेळेतला फरक असेल तर सकाळच्या उजेडात बाहेर काढा, जेवणाची वेळ रोज अर्धा तास सरकवा.

एकटं राहण्याची सवय. इथे बहुतेकांची गाडी अडते. सुट्टी असते तोवर घरात सगळे चोवीस तास त्याच्याभोवती आणि मग एका सोमवारी सगळे आठ तास गायब, कुत्रा दार ओरबाडतो, शेजारी तक्रार करतात. म्हणून पोचल्यावर तो जरा स्थिरावला की लगेच सुरू करा, दाराबाहेर जाऊन परत आत, मग कचरा टाकून परत, मग दहा मिनिटं. जुना फोन कॅमेरा म्हणून लावून ठेवा, त्रास होणार असेल तर बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो. धापा, दाराशी येरझाऱ्या दिसल्या तर वेळ कमी करा. जमलं तर नोकरीवर जॉईन व्हायची तारीखच आठवडा दोन आठवडे पुढे मागून घ्या, एवढं मी आवर्जून सांगेन.

हरवण्याची भीती खरी आहे. नव्या जागी पळालेल्या कुत्र्याला घरचा रस्ता माहीतच नसतो. घट्ट बसणारा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा, दोन्हीला दोरी, गळ्यात नव्या नंबरचा बिल्ला, आणि चिपच्या नोंदणीवर नवा पत्ता-फोन पहिल्याच दिवशी. चिप म्हणजे जीपीएस नव्हे, ती कोणीतरी स्कॅन केली तरच उपयोगी. बाहेर मोकळं सोडायचा विचार निदान काही महिने नको.

तुमचं स्वतःचं टेन्शनही त्याच्यापर्यंत पोचतं. २०१९ मध्ये स्वीडनमधल्या लिंशपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं, तर दोघांची दीर्घकाळची पातळी जुळत होती. म्हणून घर लावायची घाई करू नका, खोकी महिनाभर तशीच राहिली तरी चालतील, त्याची फिरायची आणि जेवायची वेळ तेवढी चुकवू नका.

तिथल्या व्हेटकडे पहिल्या पंधरा दिवसांत एकदा जाऊन या आणि तुम्ही कुठून आलात ते स्पष्ट सांगा. गोचीड ताप, म्हणजे एर्लिकिया, अंगात महिनोन् महिने लपून राहू शकतो, आणि ज्या देशात तो फारसा दिसत नाही तिथल्या डॉक्टरला पटकन सुचणार नाही. मलूल आहे, खात नाही, ताप आहे, हिरड्या फिक्या आहेत, हे सगळं स्ट्रेसच्या खात्यावर टाकू नका, रक्त तपासायला सांगा. दिवसभर काहीच खाल्लं नाही, उलट्या किंवा रक्ताचे जुलाब झाले तर त्याच दिवशी दाखवा. आणि महिना दीड महिना होऊनही झोप नाही, एकटं राहता येत नाही असं असेल तर औषधाला लाजू नका, फ्लुऑक्सेटिनसारखी चिंता कमी करणारी औषधं कुत्र्यांना नीट लागू पडतात पण परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे जातात, त्यामुळे उशीर करण्यात अर्थ नसतो. फेरोमोनचा डिफ्युझर मिळतो, पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीच्या वासाची नक्कल असते ती, काहींना फरक पडतो काहींना नाही, लावून बघायला हरकत नाही पण एकट्या त्याच्यावर अवलंबून राहू नका.

दुसरा कुत्रा आत्ता नको. घाबरलेल्या कुत्र्याला स्वतःची जागा, स्वतःची माणसं पक्की व्हायला हवी असतात आणि त्यात वाटेकरी आणला तर दोघांचंही बिघडतं. शेल्टरमधून कुत्रा घरी नेणाऱ्यांना एक ढोबळ हिशेब सांगतात, ३ दिवस बावरलेला, ३ आठवड्यांत दिनक्रम कळतो, ३ महिन्यांत घर आपलं वाटतं. तुमच्या कुत्र्याचा मागचा अनुभव बघता यापेक्षा जास्तच धरा. तो तुमच्याशिवाय शांत झोपायला लागला, रस्त्यात दुसरे कुत्रे बघून सैल शेपटीने पुढे जायला लागला की मग दुसऱ्याचा विचार करा, तोही आधी बाहेर एकत्र फिरवून. आणि ती रेबीजच्या रक्ततपासणीची तारीख, ती सगळ्यात आधी काढा, बाकी सगळं त्यावर ठरणार आहे.