साइड मिररची नुसती काच घरी काढता येते का?

तुमच्या साइड मिररची काच तडकली आहे आणि अख्खा आरसा न बदलता नुसती काच घरी काढता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येते. मी दोनदा काढली आहे. पहिल्यांदा एक क्लिप मोडून, दुसऱ्यांदा धड.

बहुतेक गाड्यांत काच एका प्लॅस्टिकच्या पाठीवर चिकटवलेली असते आणि ती पाठ मागच्या मोटरवर क्लिपांनी अडकवलेली असते. ओढायची ती पाठ, काच नव्हे. कडेला स्क्रूड्रायव्हर घालून काच उचकटली तर हातात तुकडेच येतात.

आधी काचेवर मास्किंग टेपच्या उभ्या-आडव्या पट्ट्या मारा. हातमोजे आणि चष्मा घाला. मग गाडीकडची कड आत दाबा, म्हणजे पलीकडची कड बाहेर येते. मिरर बटणावर चालत असेल तर बटणानेच शेवटपर्यंत वळवा. आता त्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून मागे बघा. काही जुन्या गाड्यांत तिथे तारेचं गोल कडं असतं. तसं दिसलं तर ओढू नका, कड्याचं टोक सरकवलं की पाठ आपोआप सुटते. कडं नसेल तर बोटं पाठीमागे घालून सरळ आपल्याकडे ओढा. टक, टक असा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकलं की काळजात धस्स होतं, पण तो क्लिपा सुटल्याचा आवाज.

माझी क्लिप मोडली ती थंडीतल्या सकाळी. गारठलेलं प्लॅस्टिक कडक होतं, वाकत नाही. दुसऱ्या वेळी मी आधी हेअर ड्रायरने कडा कोमट केल्या आणि पाठ अलगद निघाली.

काच निघाली म्हणून हिसका देऊ नका. काच गरम करायची सोय असेल तर मागे दोन वायरी असतात. वायर न ओढता टोकाची पिन धरून काढा. कुठली कुठे होती याचा फोटो काढून ठेवा.

नवी काच त्याच मॉडेलची आणि त्याच बाजूची घ्या. बाहेरून फुगीर असलेल्या काचेच्या जागी सपाट काच बसवली तर मागचा रस्ता कमी दिसतो. बसवताना आधी वायरी जोडा, क्लिपा खाचांसमोर आणा आणि फडकं ठेवून तळहाताने मधोमध दाबा. कडेला दाबलंत तर नवी काचही तडकेल. शेवटी बटणाने चारही बाजूंना फिरवून बघा, आणि काच थरथरत असेल तर एखादी क्लिप बसायची राहिली आहे.