वेबसाईट हाय, पण फोन येत नाई

प्रश्न : नमस्कार भाऊ, आमची वरुड तालुक्यात संत्र्याच्या कलमांची पन्हेरी (नर्सरी) आहे. मागच्या वर्षी वेबसाईट बनवून घेतली, पैसे बी बरेच लागले, दिसायला झकास हाय पण तिच्यावरून एक फोन येत नाई. लिंक पाठवतो, जरा पाहून सांगा, याचा खरंच काही फायदा असते का?
– एक पन्हेरीवाला

उत्तर : असते भाऊ, नक्की असते. तुमची साईट मी मोबाईलवरच उघडली, कारण तुमचं गिऱ्हाईक बी तिथंच पाहते. आधी मोठ्ठे फोटो फिरतात, मग "आपले सहर्ष स्वागत आहे", मग सत्काराचा फोटो, अन् नंबर सगळ्यात खाली, तोही फोटोतच छापलेला, म्हणजे बोट लावलं तरी कॉल लागत नाई. तोवर माणूस दुसरीकडं निघून जाते ना जी.

आता वाशिमकडचा एखादा शेतकरी पन्हेरीत आला तं काय विचारते? खुंट (ज्याच्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे अंकुर, बांधतात ते खालचं रोप) जंभेरीचा का रंगपूर लाईमचा, कलम किती महिन्याचं, भाव काय, गाडी शेतापर्यंत येते का. हे सगळं तुम्हाला तोंडपाठ हाय, पण साईटवर यातलं काहीच नाई, तिथं नुसतं "उत्कृष्ट दर्जा, माफक दर", अन् ते तं सगळेच लिहितात. हीच उत्तरं पहिल्या पानावर घ्या, वर नंबर अन् व्हॉट्सॲपचं बटन. सत्काराचा फोटो खाली न्या, त्याच्या जागी डोळा बांधलेला जोड जवळून दिसेल असा फोटो टाका, बाजूला पट्टी धरून, मातीपासून जोड चांगला वीतभर वर आहे हे दिसलं पाहिजे, कारण जोड मातीत गेला का डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागायची भीती असते हे घेणाऱ्यालाबी माहीत असते. पन्हेरीचा लायसन नंबरही तिथंच. नागपुरी संत्र्याला 2014 मधे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते लिहा, हरकत नाई, पण ते फळाचं हाय, तुमच्या कलमाची खात्री त्यानं होत नाई.

फोटो मोबाईलमधून तसाच चढवू नका, चार-पाच एमबीचा असते, खेड्यात रेंज कमी असली का नुसतं गोल फिरत राहते. 200 केबीत बसवा. माहिती पॅम्प्लेटच्या फोटोत नको, टाईप करा, म्हणजे गूगलला नीट वाचता येते, अन् शब्द लोकांचेच ठेवा, संत्रा कलम, पन्हेरी, गावाचं नाव. भाव अन् शिल्लक माल तारखेसकट लिहा, जूनमधे मागच्या सालचा भाव दिसला का लोकांना वाटते हे बंदच पडलं.

आणखी एक, तुमच्या पत्त्याआधी क्रोम "नॉट सिक्युअर" दाखवते, तिथं ॲडव्हान्स पाठवणारा बिचकणारच. बनवणाऱ्याला सांगून एसएसएल (साईट सुरक्षित करणारं सर्टिफिकेट) बसवून घ्या, फुकटातही मिळते. अन् डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, कोणाच्या नावावर हाय ते आजच विचारा, ते मुदत संपायच्या आधी रिन्यू करा लागते, त्याचा पासवर्ड तुमच्याजवळच पाहिजे.