तुरीचे शेंडे कधी खुडावे, सोयाबीनचे का खुडू नयेत

प्रश्न (दारव्हा तालुक्यातील शेतकरी): सोयाबीनमध्ये तुरीचे तास आहेत. पेरणीला दोन महिने होत आले. तूर सरळ उंच गेली, फांद्या कमीच आहेत. आता शेंडे मारले तर चालेल का? भाड्यानं यंत्र आणणारच आहे, तर सोयाबीनवरूनही फिरवून घेऊ का?

उत्तर: भाऊ, पहिले सोयाबीनचं. त्यावर यंत्र अजिबात फिरवू नका. जेएस-335 सारखं वाण 95 ते 100 दिवसांत निघतं आणि 35-40 दिवसांत फुलावर येतं. तुमचं पीक आज शेंगा धरत आहे. शेंड्यासोबत फुलं आणि कोवळ्या शेंगाही जातील, आणि नवी फांदी फुटून तिला शेंग भरायला दिवसच उरलेले नाहीत. सोयाबीन फारच माजलं तर पुढच्या वर्षी बियाणं आणि अंतर पाहा, कात्री नको.

तुरीचं उत्तर वाणावर आहे, आणि ते तुम्ही कळवलेलं नाही. बॅगवरचं नाव पाहा. शेंडा खुडला की झाडाची वरची ओढ थांबते आणि पानांच्या बेचक्यातले डोळे फुटतात. त्या फुटव्याची फांदी होऊन तिला कळी लागेपर्यंत वेळ लागतो. म्हणून मी झाडाची उंची विचारत नाही, फुलाला किती दिवस उरले ते विचारतो. शिफारस अशी: पहिली खुडणी 30-35 दिवसांनी, दुसरी 45-50 आणि तिसरी 60-65 दिवसांनी, दर वेळी वरचे दोन-तीन इंच. बीएसएमआर-736, आशा, पीकेव्ही तारा ही लांब मुदतीची वाणं तिन्ही सोसतात. बीडीएन-711 मात्र 150-155 दिवसांत येतं. त्यात पहिल्या दोन खुडण्या वेळेवर झाल्या तर पुरे, तिसरीच्या नादी लागू नये असं माझं मत आहे.

तुमची एकही खुडणी झालेली नाही. वाण लांब मुदतीचं असेल तर या आठवड्यात एकदा करून घ्या. बीडीएन-711 असेल तर आधी शेंड्याची पानं बाजूला करून बघा. कळ्यांचा बारीक घोस दिसला की थांबा, यंत्र परत करा. उशिरा पेरलेल्या तुरीचंही तसंच. दिवस लहान होऊ लागले की तूर ठेंगणी असली तरी फुलावर येते, म्हणून तिला छाटू नये.

यंत्र वापरताना घाई होते आणि पाती अर्धा फूट खाली जाते, तिथंच नुकसान होतं. शेंडा बोटांनी दाबून पाहा. जो भाग सहज मोडतो तेवढाच काढायचा, तंतू निघून साल ओढली गेली तर तुम्ही जून खोडात शिरला आहात. पाऊस सुरू असताना किंवा झाडं ओली असताना खुडू नका, त्या जखमेतून बुरशी शिरते. चिबाड जागेतली पिवळी पडलेली झाडं आधीच अडचणीत असतात, तिथं पाणी काढून द्या आणि खुडणी विसरा. एखादं झाड झुडपासारखं वाढलं, पानं लहान आणि फिकट, त्यावर पिवळसर ठिपके, तर तो वांझ रोग समजा. कोळी नावाची बारीक कीड तो पसरवते. असं झाड उपटून वावराबाहेर न्या.

पऱ्हाटीबद्दलही, म्हणजे कपाशीबद्दल, दोघांनी विचारलं आहे. तिथं गणित उलटं आहे: शेंडा फांद्यांसाठी नव्हे, वाढ थांबवून अन्न बोंडांकडे वळवण्यासाठी खुडतात. म्हणून तो उशिरा, 80-90 दिवसांनी, झाड चार-पाच फुटांवर गेलं की.

हरभऱ्याची भाजी खुडून विकणाऱ्या ताईंनी रब्बीसाठी एवढं लक्षात ठेवावं: महिन्याभराच्या झाडाचे कोवळे शेंडे खुडले तर फांद्या वाढतात, भाजीचे पैसेही होतात. फूल दिसलं की त्या तासातली खुडणी बंद.