वाचकांचे प्रश्न: चौदा एप्रिलची सुटी

प्रश्न: मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 14 ची. आंबेडकर जयंतीची सुटी मोबाइलवर निघून जाते. नाशिकमध्येच अर्ध्या दिवसात असं काय दाखवावं, की सुटी कशाची हे त्यांना कळेल? (सिडको)

उत्तर: बेत उन्हाच्या हिशेबाने आखा. सकाळी आठलाच त्रिरश्मी लेणी गाठा. रिक्षावाल्याला पांडवलेणी सांगा. पायऱ्यांवर ऊन लागतं, म्हणून प्रत्येकी लिटरभर पाणी आणि टोपी हवीच. लेणी 24 आहेत. सगळी दाखवायचा अट्टाहास केलात की मुलं कंटाळतात. तीनच निवडा: गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या लेखाचं 3 नंबरचं, शक राजा नहपानाच्या जावयाच्या, उषवदाताच्या लेखाचं 10 नंबरचं आणि चैत्यगृहाचं (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचं) 18 नंबरचं. दहाव्यात मुलांना त्या लेखातलंच गणित घाला. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे (संघाकडे) 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव, दरमहा शेकडा 1 व्याज, तर वर्षाचे किती? 240. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 मिळत, म्हणजे हिशेब चोख जुळतो. बाबासाहेबांनी ज्या बुद्धाची वाट धरली तिचं इतकं जुनं दप्तर आपल्याच गावात आहे, हे मुलांना कळलंच पाहिजे.

तिथून साडेदहापर्यंत पंचवटीत या. गल्ल्या अरुंद आहेत. गाडी लांब लावून कारंजापासून चालत जा. काळाराम मंदिरात थेट आत शिरू नका. आधी बाहेरून फेरी मारा, मुलांना दरवाजे मोजू द्या आणि मग सांगा: अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हे दरवाजे बंद होते. पहिल्या तुकडीतले 125 पुरुष आणि 25 स्त्रिया दारांशी बसल्या. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड सत्याग्रह समितीचे सचिव होते. लढा काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. एवढं ऐकल्यावर त्याच दारातून आत जाणं मुलांच्या लक्षात राहतं. एकपर्यंत घरी परता, कारण पुढे मिरवणुकांसाठी रस्ते वळवले जातात.

प्रश्न: त्याच दिवशी येवलाही करता येईल का? (इंदिरानगर)

उत्तर: नको. जायलाच दोन तास लागतात. 13 ऑक्टोबर 1935 ला जिथे बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला, त्या येवल्याच्या मुक्तिभूमीला वेगळा रविवार द्या.

प्रश्न: मंडळातर्फे मिरवणुकीत 300 जणांना लिंबू सरबत देतो. मागच्या वर्षी ते कडू झालं आणि शेवटी पाणचट लागलं. काय चुकलं? (पंचवटी)

उत्तर: बहुधा दोन चुका झाल्या. रस आदल्या रात्री काढून ठेवला असेल, किंवा यंत्रात साल आणि बिया चिरडल्या असतील. कडूपणा तिथूनच येतो. पाणचटपणा पिंपात टाकलेल्या बर्फाचा.

दीडशे मिलीचे 300 पेले म्हणजे 45 लिटर. ते एकदम न करता 15 लिटरच्या तीन खेपा करा. एका खेपेला दीड किलो साखर, एक लिटर पाणी, 40 ग्रॅम मीठ, 33-35 मध्यम लिंबं. साखर-पाण्याला एक उकळी आणा, मीठ घाला, पूर्ण गार करा. हे आदल्या दिवशी चालतं. एप्रिलची लिंबं कोरडी निघतात, म्हणून दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून पाटावर रगडा. रस वाटपाच्या तासभर आधीच काढा, हलक्या हाताने पिळा, लगेच गाळा. खेपेला साधारण 650 मिली रस हवा. कमी भरला तर दोन-चार लिंबं वाढवा, दाबून पिळू नका. मग पाक आणि रस एकत्र करून पिण्याच्या पाण्याने 15 लिटर भरा.

भांडं स्टीलचं किंवा खाद्य दर्जाचं प्लास्टिक. पितळ-ॲल्युमिनियम आंबटाला चालत नाही. बर्फ पिंपाबाहेर, टबात ठेवून वर ओलं गोणपाट टाका. कारखान्यातली लादी खाण्याजोगी असेलच असं नाही.

अस्पृश्यांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी महाडला 20 मार्च 1927 ला सत्याग्रह करावा लागला, ते आठवून मांडणी करा: पिंप एकच, रांग एकच, पाहुण्यांसाठी वेगळा जग नाही. पेले 330 आणा, थोडे चुरगळतात. कचऱ्याचे दोन डबे टेबलापासून दहा पावलांवर ठेवा. अगदी जवळ ठेवलेत तर पिणारे तिथेच थांबतात आणि रांग अडते.