१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या नुसता योगायोग आहे का?

तुम्ही विचारलंय की नऊ एक्क्यांचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग केला की हा चढता-उतरता जिना कसा काय तयार होतो. योगायोग अजिबात नाही. सगळी करामत हातच्याची आहे, किंवा खरं तर हातचा न येण्याची.

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि चौकटीच्या वहीत उभा गुणाकार मांडा. नऊ एक्क्यांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ वरच्यापेक्षा एक घर डावीकडे. आता बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक्का, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं करत बरोबर मधल्या रकान्यात नऊ, आणि पुढे पुन्हा एकेक कमी. कुठलाच रकाना नऊच्या वर जात नाही. त्यामुळे रकान्यात जितके एक्के, तोच अंक खाली उतरतो.

दहा एक्के घेतलेत की घडी मोडते. मधे १० होतात, हातचा शेजारच्या ९ वर, तिथेही १०, मग तो हातचा ८ वर. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून वाचताना ७ नंतर थेट ९!

एक्सेलमध्ये मात्र पडताळू नका. ते १५च अंक धरतं आणि आपल्या मूळ सतरा अंकी संख्येतल्या शेवटच्या दोन अंकांच्या जागी शून्यं टाकतं. मी एकदा त्यावरून शेजारच्या मुलाशी हुज्जत घातली होती. चूक माझीच होती.

अशा संख्यांना आपल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी 'डेम्लो' नाव दिलं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे हे गणिती. कल्पना सुचली ती डोंबिवली स्टेशनवर, ज्याला तेव्हा 'डेम्लो' म्हणत, म्हणून हे नाव. लोकलची वाट बघताना मला आजवर असलं काही सुचलेलं नाही.

त्यांचीच दुसरी व्याख्या इथे फिट बसते. अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती 'हर्षद' संख्या, म्हणजे हर्ष देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. गुणून पाहिलंत तर ८१ पटीला ९९९९९९९९८००००००००१ येतात, जो नऊ नव्वांचा वर्ग आहे. त्याचे मधोमध दोन तुकडे करून बेरीज केलीत, ९९९९९९९९८ अधिक १, तर पुन्हा नऊ नव्वे. या गुणधर्माच्या संख्यांना तर कापरेकरांचंच नाव आहे.

आणि ८१ ने भागलंत तर? १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. हिच्यातही आठ गायब. वर दहा एक्क्यांच्या उत्तरातले पहिले आठ अंक पुन्हा एकदा बघा.